नववीतले चाळीस डावे हात

१९६३ सालचा डिसेंबर. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मुलींची शाळा, नववीचा वर्ग, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षणखात्याच्या साहेबांची तपासणी. मी एकेचाळीस मुलींना हात वर करायला शिकवत होते.

“येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. पण हात सगळ्यांचा वर झाला पाहिजे. महाराष्ट्राची राजधानी?”

उजव्या हातांचं रान उभं राहिलं.

“चिली देशाची राजधानी?”

एकेचाळीस डावे हात. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई, प्रसादाला डावा हात पुढं केला तर आमची आजी मारते.” वर्ग खिदळला. तपासणी म्हणजे प्रसाद नव्हे, असं म्हणताना मलाही हसू आलं.

ही युक्ती आमच्या हेडमास्तरांची, मिरीकर सरांची. साहेब प्रश्न विचारतात, सगळा वर्ग हात वर करतो, साहेब खूश होऊन बाईंना म्हणतात, विचारा कुणालाही. बाई उजवा हात वर केलेल्यांतली एक निवडतात. आठ दिवस प्रत्येक वर्गात हीच तालीम चालू होती. मी मान हलवली की हात वर, मान हलवली की खाली. मुलींना खेळ वाटत होता. तालीम आटोपून उरलेल्या वेळात मी इंग्रजीचा धडा संपवला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बी.ए., बी.टी. झालेली, पण तात्पुरत्या जागेवर. दर एप्रिलमध्ये मला कमी करायचे आणि दर जूनमध्ये पुन्हा घ्यायचे. घरी आई आणि शिकणारा भाऊ. नववीचं इंग्रजी दोघांत वाटलेलं होतं. पाठ्यपुस्तक माझ्याकडे, व्याकरण आणि निबंध उजगरे सरांकडे.

याकोब उजगरे शाळेतले सर्वांत जुने शिक्षक. शिक्षण मॅट्रिक आणि एस.टी.सी. ही शिक्षकाची परीक्षा. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तिथली मडम मायदेशी परतताना त्यांना एक जाडजूड इंग्रजी कोश देऊन गेली होती. शब्दाचा अर्थ सांगणारा आणि तो शब्द कुठल्या मुलखातून चालत आला तेही सांगणारा. पुठ्ठा कधीच गेलेला, म्हणून सरांनी त्याला खाकी कापडाची झूल शिवली होती. त्या कोशातून रोज एक शब्द काढून ते व्हरांड्यात, पाण्याच्या माठांजवळ टांगलेल्या लहान फळ्यावर लिहीत. शब्द, अर्थ आणि त्याचं मूळ. पाणी प्यायला येणारी मुलगी पाणी पिता पिता वाचायची. शिक्षकांच्या खोलीत चेष्टा व्हायची. “काय सर, आज कुणाची कुंडली मांडली?” सर म्हणायचे, “कुंडली पुढचं सांगते. मी मागचं सांगतो. कुळी म्हणा.”

हातांची युक्ती मात्र त्यांनी आपल्या तासाला चालू दिली नाही. त्यांच्या वर्गात येत नसेल तर तळवा बाकावर ठेवायचा आणि म्हणायचं, “शोधते, सर.” दुसऱ्या दिवशी शोधून आणायचं. मिरीकर सरांनी त्यांना बोलावून समजावलं, तेव्हा ते हसून म्हणाले होते, “माझ्या तासाला साहेब आलेच तर त्यांना बाकावरचे तळवे दिसतील. मोजू द्या.”

त्या वर्षी त्यांना अठ्ठावन्न पुरी होत होती. दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार की नाही, ते तपासणीच्या शेऱ्यावर ठरणार होतं. इतर कुणाला मुदतवाढ घरासाठी हवी असती. सरांना ती या एकेचाळीस मुलींसाठी हवी होती. “यांना ए-बी-सी-डीपासून मी धरलंय, बाई,” ते मला म्हणाले होते. “मॅट्रिकला बसवल्या की माझं काम झालं. मध्येच हात सोडायला नको.”

आणि तपासणीच्या आधल्या दिवशी मिरीकर सरांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. उजगऱ्यांना मुदतवाढ मिळाली नाही तर त्यांची जागा मोकळी होईल, तिथे तुमचं नाव कायम करता येईल, साहेब तुमचं काम बघतीलच, एवढं ते म्हणाले. वाईट मनाने म्हणाले असं नाही. त्यांना दोघांपैकी एकालाच ठेवता येणार होतं.

साहेब सकाळी अकराला आले. उंच, गोरे, कोटाच्या खिशाला दोन पेनं. आवाज असा की बोललं की वर्गातली पेन्सिलसुद्धा थांबावी. सातवी-आठवी बघून ते नववीकडे येत होते, ते माठांपाशी थबकले. फळा वाचला. मग शिपायाला सांगून तो खिळ्यावरून काढवला आणि वर्गात आणून माझ्या टेबलावर उभा केला.

फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात शब्द होता डिसइंटरेस्टेड. खाली मराठीत अर्थ: निःपक्षपाती, ज्याचं स्वतःचं हित गुंतलेलं नाही असा. त्याखाली मूळ: लॅटिन. इंटर म्हणजे मध्ये, एसे म्हणजे असणे. आणि शेवटी एक ओळ: कंटाळलेल्या माणसाला हा शब्द लावू नये, त्यासाठी अनइंटरेस्टेड आहे, पुष्कळ लोक गल्लत करतात.

“हे कुणी लिहिलं?”

उजगरे सरांना शेजारच्या वर्गातून बोलावणं गेलं. ते आले, दारातच थांबले, हातातला खडू खिशात टाकला.

“मी लिहिलं, साहेब.”

“इंटरेस्ट म्हणजे गोडी. डिसइंटरेस्टेड म्हणजे गोडी नसलेला. यात निःपक्षपाती कुठून आणलंत?”

“कोशातून, साहेब. ज्याचं काही मध्ये अडकलंय तो इंटरेस्टेड. ज्याचं अडकलेलं नाही तो हा. गोडी नसणं वेगळं.”

“आणि हे पुष्कळ लोक म्हणजे कोण? त्यांत मीही आलो का?”

मिरीकर सर खोकले. उजगरे सर म्हणाले, “मीसुद्धा आलो, साहेब. मीही आधी तसंच समजत होतो.”

साहेबांना ते उत्तर आवडलं नाही, पण रागावताही येईना. त्यांनी विचारलं, कोश आहे का जवळ? सरांची नजर माझ्याकडे वळली, टेबलाकडे गेली आणि परत साहेबांकडे आली.

“कोश आहे, साहेब. आज माझ्याजवळ नाही.”

“बरं. शिक्षण काय आपलं?”

“मॅट्रिक, एस.टी.सी.”

साहेबांनी मान डोलावली, जणू कोश सापडला. मग त्यांचा चेहरा एकदम खेळकर झाला. मुलींकडे वळून ते म्हणाले, “आपण वर्गालाच विचारू. डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला, गोडी नसलेला. हा माझा अर्थ बरोबर आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

एकही हात हलला नाही. एकेचाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या. आठ दिवस त्यांना तेवढंच शिकवलं होतं, बाईंच्या मानेकडे बघायचं.

मी मान हलवली.

हात वर गेले. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, एका झटक्यात, शिस्तीत. साहेब हसले. “बघा,” ते म्हणाले.

मी बघितलं. सगळे डावे होते.

कुणी कुणाला खुणावलं नव्हतं, तेवढा वेळच नव्हता. सकाळपासून प्रत्येक मुलगी माठाजवळ जाऊन आली होती आणि फळा वाचून आली होती. साहेबांना ते हात नुसते हात दिसत होते. मुली सोडल्या तर त्या खोलीत डावे-उजवे वाचता येणारी माणसं तीनच. मिरीकर सर जमिनीकडे बघत होते. मी बघत होते. आणि दारातून उजगरे सर बघत होते. एक-एक बाक वाचत गेल्यासारखे.

तिसऱ्या बाकावरचा एक हात वर नव्हता. लीला वाघचौरे. ऊसतोडीच्या कामावरच्या मुकादमाची मुलगी, रोज चार मैल चालत यायची. तिचा तळवा बाकावर पालथा होता.

“तुला येत नाही वाटतं?” साहेबांनी विचारलं.

लीला उभी राहिली. “येतंय, साहेब. फळ्यावर लिव्हलंय तेच बरोबर हाय.”

“कशावरून?”

“कंटाळलेल्या माणसाला निवाडा करायला कोण बोलवंल?”

साहेबांना त्या प्रश्नाचा संदर्भ लागला नाही. ते माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही पदवीधर आहात. इंग्रजी घेऊन?”

“हो.”

“मग तुम्ही सांगा. काय बरोबर?”

उजगरे सर दारातच होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आता प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला, असं समजून माणूस जरा सैल उभा राहतो, तसे ते उभे होते.

“आपण म्हणता तेच बरोबर आहे, साहेब,” मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी पुढे म्हणाले, “तिचं चुकतंय. ती नेहमीच असं उलट बोलते.”

लीला माझ्याकडे बघत उभीच राहिली. तिला बस म्हणायचं मला सुचलं नाही. ते उजगरे सर म्हणाले. “बस, लीला.” मग ते आत आले, खिशातून रुमाल काढला, फळा पुसला, उचलला आणि व्हरांड्यात नेऊन खिळ्यावर परत टांगला. कोरा.

शेरेबुकातला शेरा मला अजून पाठ आहे. ‘इंग्रजी विषयाच्या एका शिक्षकाचे शब्दज्ञान सदोष आढळले. वरच्या वर्गांसाठी पदवीधर शिक्षकाची योजना करावी.’ आणि त्याखाली, ‘इयत्ता नववी: वर्गाचा सहभाग शंभर टक्के. शिक्षिका उत्साही.’

शाळा सुटल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत एकटीच वह्या चाळत बसले होते. सर छत्री घ्यायला आले. उन्हाची म्हणून ते बारा महिने छत्री वापरत. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, आणि बोलावेत असंही वाटत होतं. ते छत्रीची मूठ पुसत राहिले. मग म्हणाले, “पोरींना रागावू नका हं, बाई. त्यांनी डावा हात वर केला होता. खोटं कुणी बोललं नाही त्यांच्यातलं.”

एवढंच. ‘त्यांच्यातलं’ या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता. तो माझ्या कानांनी दिला.

आता तालमीच्या दिवसाचं राहिलेलं सांगते. इतकी वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तालमीनंतर मी धडा संपवला, असं वर म्हटलं. त्या धड्यात दोन भाऊ होते आणि एका विहिरीवरून त्यांचा तंटा होता. शेवटी ते गावातल्या एका डिसइंटरेस्टेड म्हाताऱ्याला बोलावतात आणि तो निवाडा देतो. मी मुलींना सांगितलं, डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला, कशातच गोडी न उरलेला. वह्यांत लिहून घ्या. तेव्हा लीला वाघचौरेने विचारलं होतं, “बाई, कंटाळलेल्या माणसाला निवाडा करायला कशाला बोलावलं?” सगळा वर्ग हसला. मला वाटलं मलाच हसला. पुस्तकात आहे ते लिही, जास्त शहाणपणा नको, असं म्हणून मी तिला तास संपेपर्यंत उभी केली.

नववी आणि दहावीच्या मध्ये लाकडी पडदी होती. पलीकडे उजगरे सरांचा तास होता.

त्या संध्याकाळी घंटा झाल्यावर ते कोश घेऊन माझ्याकडे आले. माझं चुकलं असं ते म्हणालेच नाहीत. म्हणाले, “उद्यासाठी एक शब्द काढलाय. भारी गमतीचा आहे. मलाही दोनदा बघावा लागला.” कोश उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि बोटाने ओळ दाखवली. मला म्हणाले, यातली आणखी गंमत म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी या दोन शब्दांचं उलट होतं. हा कंटाळलेला होता आणि तो निःपक्षपाती. “शब्दसुद्धा बिऱ्हाड बदलतात, बाई. पण आज ज्याच्या दारावर जी पाटी, तीच खरी धरायची.” मग म्हणाले, मुली सकाळी फळा वाचतील आणि आपापल्या वह्यांत दुरुस्ती करतील. कुणी काही विचारणार नाही. कोश तुमच्याकडेच राहू द्या, पुढच्या धड्यातही असे दोन-तीन आहेत.

तो शब्द फळ्यावर आला तो माझी चूक झाकण्यासाठी. तपासणीच्या दिवशी दुसरा कुठलाही साधा शब्द त्यांना लिहिता आला असता. आणि साहेबांनी कोश मागितला तेव्हा तो माझ्या टेबलाच्या खणात होता, त्याच टेबलाच्या, ज्यावर तो फळा उभा होता. माझा उजवा हात खणाच्या कडीवर होता. नुसतं ओढायचं होतं. सरांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो तिथे का आहे तेही सांगावं लागलं असतं.

मी का ओढला नाही? जागा हवी होती म्हणून, की कालची चूक साहेबांपुढे उघडी पडेल म्हणून, की साहेबांच्या आवाजाला भ्याले म्हणून? चौऱ्याऐंशी वर्षांची झाले, अजून मला ते वेगळं करता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी कोश शिपायाच्या हाती त्यांच्या वर्गात पाठवला. पडदीच्या पलीकडे. मला जाववलं नाही.

त्या साहेबांची पुढे बढती झाली आणि ते पुण्याला गेले. आमच्या शाळेत पुन्हा आले नाहीत. तो शब्द ते विसरले असतील, त्यांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. अलीकडे नातवाने मला नवा कोश आणून दिला. मी आधी तोच शब्द काढला. पहिला अर्थ सरांचा, दुसरा साहेबांचा. दोन्ही छापलेत. लोक इतकी गल्लत करत आले की अखेर कोशाने जागा करून दिली. वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मिरीकर सर ऐंशीच्या सुमारास वारले. मला कायम केल्याचा कागद देताना त्यांनी पेढा दिला होता, पण माझ्याकडे बघितलं नव्हतं. डाव्या-उजव्या हातांची तालीम मात्र त्यांनी त्या वर्षीपासून बंद केली. कारण कुणी विचारलं नाही.

उजगरे सर एप्रिलमध्ये शाळेतून गेले. मुलींनी वर्गणी काढून त्यांना शाईपेन दिलं. जालन्याला मुलीकडे राहायला गेले, तिथे ओट्यावर पोरांना इंग्रजी शिकवत, असं कळत असे. आठ वर्षांनी वारले, तेही मला सहा महिन्यांनी कळलं. मी त्यांना एकही पत्र लिहिलं नाही. पत्ता होता माझ्याकडे.

लीला वाघचौरे मॅट्रिकला इंग्रजीत शाळेत पहिली आली. तोवर तिला मी शिकवत होते, आणि त्या दोन-अडीच वर्षांत तिने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. पुढे ग्रामसेविका झाली.

आणि मी. सर गेल्यावर जूनमध्ये माठाजवळचा कोरा फळा मला बघवेना, म्हणून मी त्यावर रोज एक शब्द लिहायला लागले. अर्थ आणि कुळी. तेहतीस वर्षं लिहिला. नव्या शिक्षकांना उजगरे हे नाव माहीत नव्हतं. त्यांनी त्याला टिपणीसबाईंचा फळा म्हणायला सुरुवात केली आणि मी म्हणू दिलं.

२००३ साली शाळेला पन्नास वर्षं झाली. मांडव घातला होता, जुन्या मुली लांबून लांबून आल्या होत्या. माझा सत्कार होता, त्या फळ्यासाठी. सूत्रसंचालन करणारा तरुण शिक्षक उत्साही होता. म्हणाला, “टिपणीसबाईंनी सुरू केलेल्या या फळ्यावर ज्या ज्या शब्द शिकल्या त्यांनी हात वर करा.”

सगळा मांडव हातांनी भरला. सवयीने मी हात वाचायला लागले. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या केसांची, खादीची साडी नेसलेली एक बाई होती. तिने हात वर केला होता. डावा. आणि ती माझ्याकडे बघत होती.

“बाई,” तो तरुण हसत म्हणाला, “तुम्हीच सुरू केलात ना हा फळा? सांगा त्यांना.” ध्वनिक्षेपक त्याने माझ्या तोंडापुढे धरला.

बोलायला तोंड होतं, समोर दोन-तीनशे माणसं होती, आणि काढून घेण्यासारखी माझी नोकरीसुद्धा उरलेली नव्हती.

मी हात वर केला. डावा.

मांडवाला तो नुसता हात दिसला. टाळ्या पडल्या. लीलाने तो हात पाहिला. आपला हात तिने खाली घेतला आणि तळवा समोरच्या खुर्चीच्या पाठीवर पालथा ठेवला, त्या दिवशी बाकावर ठेवला होता तसा. कार्यक्रम संपेपर्यंत तिने टाळी वाजवली नाही.